सप्टेंबर-ऑक्टोबरचं आभाळ: सोलापूरकरांनी हवामानाचा अंदाज कसा वाचावा

ऑगस्टच्या मध्यापर्यंत बऱ्याच वर्षी आपल्याकडे एक विचित्र चित्र दिसतं. उजनी धरण भरत आलेलं असतं, चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जातं, आणि त्याच वेळी सांगोला-मंगळवेढ्याच्या शिवारात पीक माना टाकून उभं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे अगदी टोकाला गेलं. पंढरपुरात पुराचं पाणी शिरलं होतं आणि त्याच जिल्ह्यात जनावरं चारा छावण्यांत बांधलेली होती. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. धरण भरलंय म्हणजे पाऊस झाला, असंच तो धरून चालतो.

सोलापुरात मात्र धरण भरणारा पाऊस वेगळा आणि रान भिजवणारा पाऊस वेगळा. दोन्ही मान्सूनचेच, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आणि महिनेही वेगळे. सप्टेंबर लागला की टीव्हीवर, पेपरात, मोबाइलवर अंदाजांचा मारा सुरू होतो: 'परतीच्या पावसाचा जोर', 'कमी दाबाचा पट्टा', 'यलो अलर्ट', 'सरासरीपेक्षा जास्त पाऊस'. यातला कुठला शब्द उजनीबद्दल आहे, कुठला आपल्या बांधाबद्दल आणि कुठल्याचा आपल्याशी फारसा संबंध नाही, हे ज्याला उमगतं त्याचा निम्मा गोंधळ मिटतो. म्हणून हा लेख.

आधी उजनीचं बघू. भीमा नदीवरचं हे धरण, त्याच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). त्यातला साधारण ६३.५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळातलं राखीव पाणी, आणि ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा. आपण रोज 'उजनी इतके टक्के' म्हणतो ते या ५३.५ टीएमसीचे टक्के. म्हणूनच उन्हाळ्यात पाणी उपयुक्त पातळीखाली गेलं की धरण 'वजा'मध्ये जातं. २०२३ हे एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर तापून आपला मान्सून कमजोर होण्याचं वर्ष होतं, धरण पूर्ण भरलं नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला.

हे पाणी येतं कुठून? माढ्याच्या किंवा करमाळ्याच्या पावसाचा त्यात वाटा अगदी थोडा. खरं पाणी पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्याचं. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला, पवना, मुळशी, चासकमान, भामा आसखेड, डिंभे या धरणांच्या पाणलोटात जुलै-ऑगस्टमध्ये जे कोसळतं, ते धरणं भरल्यावर खाली सुटतं आणि दौंडजवळून भीमेतून उजनीत येतं. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशेच्या आसपास. सह्याद्रीला धडकून वर चढणारे अरबी समुद्राचे ढग पश्चिम उतारावर आणि माथ्यावर रिकामे होतात. पूर्वेला उतरणारी हवा खाली येता येता तापते, कोरडी होते. आपण त्या पर्जन्यछायेत बसलेलो. जून-जुलैत दिवसभर आभाळ झाकोळलेलं असतं, वारा सुटलेला असतो आणि पडते फक्त भुरभुर, ती यामुळेच.

त्यामुळे उजनीसाठी पाहायचा आकडा एकच: दौंडचा विसर्ग. तो क्युसेकमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी. यावरून एक हिशेब करून ठेवण्यासारखा आहे. दहा हजार क्युसेकचा प्रवाह पूर्ण एक दिवस चालला तर ०.८६ टीएमसी पाणी होतं, म्हणजे उजनीचा साठा साधारण दीड टक्क्यानं वाढतो. एक लाख क्युसेक दिवसभर चाललं तर साडेआठ टीएमसीहून जास्त, म्हणजे एका दिवसात सोळा टक्के. जुलैअखेर 'वजा'तलं धरण पंधरवड्यात भरलं, अशी बातमी ऐकली की चमत्कार वाटतो. हा गुणाकार करून पाहिला की वाटत नाही.

सप्टेंबरमध्ये मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू समोर येते. चांगल्या वर्षी तोवर उजनी काठोकाठ असते आणि वरची धरणंही भरलेली असतात. मग पुण्याच्या घाटात दोन दिवस जोरदार पाऊस झाला तर ते पाणी साठवायला जागाच नसते. आलं तसं सोडावं लागतं. पुढे नीरा नरसिंहपूरला नीरा नदी भीमेला मिळते, म्हणजे नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी उजनीच्या खाली येऊन त्यात भर घालतं. पंढरपूरच्या घाटावर पाणी किती चढणार, हे उजनी आणि वीर या दोन्ही विसर्गांच्या बेरजेवर ठरतं. नदीकाठच्या लोकांनी सप्टेंबरमध्ये 'सोलापूर: हलका पाऊस' एवढंच वाचून पाणी उपसायची मोटार नदीत ठेवू नये. त्यांच्यासाठी 'पुणे घाट परिसर: ऑरेंज अलर्ट' ही आपल्या जिल्ह्यापेक्षा महत्त्वाची ओळ आहे. पाणी घाटातून इथवर यायला जो वेळ लागतो, तोच मोटारी, पाइप आणि जनावरं वर काढण्याचा वेळ.

आता आपल्या रानावर पडणाऱ्या पावसाकडे येऊ, कारण सप्टेंबरचा खरा विषय तो आहे.

सोलापूरला वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. कोकणात, घाटात जुलै हा राजा. आपल्याकडे जुलै बहुतेक वेळा रडवतो आणि सप्टेंबर तारतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे नक्षत्रांच्या हिशेबात बसवलं होतं. ऑगस्टअखेर पूर्वा, १३ सप्टेंबरच्या सुमाराला उत्तरा, २७ च्या सुमाराला हस्त, १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रा आणि २४ च्या आसपास स्वाती. नवरात्रात मुली हत्तीचं चित्र मांडून हादगा खेळतात, तो या हस्ताचाच. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण कोकणातल्या भातापेक्षा आपल्या ज्वारीला जास्त लागू पडते, असं मला नेहमी वाटतं. नक्षत्रं पावसाचा अंदाज देत नाहीत, ती सूर्य कुठे आहे ते सांगतात, म्हणजे एका अर्थानं ते शेतीचं कॅलेंडर आहे. आणि उत्तरा-हस्ताचे पंधरवडे ओले असतात हे कॅलेंडर आमच्या भागापुरतं बरोबर आहे.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जून ते ऑगस्ट अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि त्याच्यापुढे सह्याद्री आडवा उभा असतो. सप्टेंबरमध्ये सूर्य विषुववृत्ताकडे सरकतो, २३ च्या सुमाराला तो विषुववृत्तावर येतो. पश्चिमेच्या वाऱ्याचा जोर ओसरायला लागतो. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा, जो पावसाळ्याच्या ऐन भरात गंगेच्या मैदानावर असतो, तो अधूनमधून दक्षिणेकडे उतरतो. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे क्षेत्रही जरा खालून, आंध्र-तेलंगणावरून पश्चिमेला येऊ लागतात. बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या या बाष्पाच्या वाटेत सह्याद्री नाही. तेलंगण, मराठवाडा, सोलापूर हा सगळा उघडा पठारी रस्ता. जी भिंत जुलैमध्ये आपला पाऊस अडवते, ती सप्टेंबरमध्ये आपल्या पाठीमागे असते.

म्हणून सोलापूरकरानं या दोन महिन्यांत भारताचा नकाशा उघडला की आधी पूर्वेला बघावं. 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र' एवढ्या बातमीवर मात्र थांबू नये. ते कुठे आहे ते बघावं. उपसागराच्या उत्तरेला, ओडिशा-बंगालच्या किनाऱ्याजवळ असेल तर ते बहुतेक वेळा छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे जातं. पाऊस विदर्भाला आणि उत्तर महाराष्ट्राला मिळतो, आपल्याकडे फक्त आभाळ येऊन जातं. तेच पश्चिम-मध्य उपसागरात, म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यासमोर असेल आणि पश्चिमेकडे सरकणार असेल, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्याचा नंबर लागण्याची शक्यता मोठी.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण २०२० च्या ऑक्टोबरचं. १३ ऑक्टोबरला सकाळी आंध्रमध्ये काकीनाडाजवळ एक डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालची कमी दाबाची यंत्रणा, किनाऱ्यावर आलं. त्या दिवशी रात्री हैदराबाद बुडालं. १४ तारखेला ती यंत्रणा आपल्या अंगावर होती. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, शेजारचा धाराशिव, सगळीकडे तुफान पाऊस झाला, ओढे-नाले रस्त्यावर आले, पिकं आणि मातीसुद्धा वाहून गेली. पंढरपुरात भिंत कोसळून माणसं गेली. किनाऱ्यापासून सोलापूर शेकडो किलोमीटर आत आहे, वादळ इथवर येईपर्यंत विरतं, असं आपण समजतो. वाऱ्याचा जोर विरतो हे खरं, पण बाष्प विरत नाही. काकीनाड्याची बातमी आणि सोलापूरचा पाऊस यांत एका दिवसाचं अंतर होतं. एवढ्या वेळात काढणी केलेलं सोयाबीन ताडपत्रीखाली जाऊ शकतं, ओढ्याकाठची जनावरं हलवता येतात.

या यंत्रणांची नावं वाऱ्याच्या वेगावरून ठरतात. ताशी ३१ किलोमीटरच्या आत वारा असेल तर कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ ला डिप्रेशन, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन, त्यापुढे चक्रीवादळ. आपल्यासाठी इथे एक सावधगिरी आहे: नाव छोटं म्हणून पाऊस कमी, असं नसतं. साधं कमी दाबाचं क्षेत्र जागच्या जागी दोन दिवस रेंगाळलं तर चक्रीवादळाच्या वेगानं निघून गेलेल्या यंत्रणेपेक्षा जास्त पाणी ओततं. नावापेक्षा ते किती सावकाश चाललंय हे महत्त्वाचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं हेच दाखवलं. सीना अहिल्यानगर जिल्ह्यातून येते, करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर असा प्रवास करून हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. तिचं पाणी घाटाचं नाही. अहिल्यानगर, बीड, धाराशिवचा पठारी भाग हाच तिचा पाणलोट, म्हणजे उपसागराच्या वाटेवरचा. त्या महिन्याच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत धाराशिवच्या भूम-परंडा भागात धुवाधार पाऊस झाला आणि सीनाकाठची गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद झाला. आयुष्यभर सीनेला कोरडी पाहिलेल्या माणसांना घरावर चढून बसावं लागलं. तेव्हा अनेकांच्या तोंडी 'उजनीनं पाणी सोडलं का?' हाच प्रश्न होता. भीमेच्या पुराला दौंड बघायचं, सीनेच्या पुराला परंडा आणि करमाळ्याचं आभाळ बघायचं. एकाच जिल्ह्यातल्या या दोन नद्यांचे पूर दोन वेगळ्या समुद्रांचे असतात, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

तिसरा पाऊस म्हणजे दुपारचा, स्थानिक. ना घाटाचा, ना उपसागराचा. सकाळी लख्ख ऊन, जमीन ओली, हवेत दमटपणा, वारा पडलेला. दुपारी दोननंतर पांढऱ्या ढगांचे डोंगर वर चढायला लागतात आणि चार-पाचला कुठेतरी गडगडाटासह फुटतात. असा ढग दहा-वीस किलोमीटरचा असतो. कुर्डुवाडीत रस्ते वाहतात आणि मोडनिंबला धूळ उडते. हा पाऊस चार दिवस आधी गावाच्या नावानिशी सांगणं आजच्या घडीला कुणालाही शक्य नाही. कुणी तसं सांगत असेल, व्हॉट्सअॅपवर 'उद्या चार वाजता मोहोळ तालुक्यात' असा संदेश फिरत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. विज्ञान इथे दोन-तीन तास आधीपर्यंतचं सांगू शकतं, रडारवर ढग तयार झालेला दिसल्यावर. त्यासाठी हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा इशारा असतो आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप. मेंढपाळ, गुराखी, रानात काम करणाऱ्या बायका यांच्या घरातल्या एका तरी मोबाइलवर ते असावं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. लिंबाच्या, बाभळीच्या झाडाखाली थांबणं हा आपल्याकडे जिवावर बेतणारा सगळ्यात सामान्य प्रकार आहे.

याच आयआयटीएमनं ढगांत बीजारोपण करून, म्हणजे विमानातून क्षारांचे कण सोडून, पाऊस वाढतो का, हे तपासायला सोलापूरची निवड केली होती. २०१८-१९ च्या पावसाळ्यात इथून विमानं उडाली. पर्जन्यछायेत ढग असतात पण पाऊस पडत नाही, याचं आपल्याइतकं चांगलं उदाहरण त्यांना दुसरं कुठे मिळणार! काही योग्य ढगांमध्ये पाऊस वाढल्याचं त्यांना दिसलं. पण आभाळात ढगच नसेल तर विमान काही करू शकत नाही, हेही त्यातून स्पष्ट झालं.

आता उजनीकाठावर हमखास विचारला जाणारा प्रश्न. 'एवढा मोठा तलाव आहे, त्याचीच वाफ होऊन पाऊस नाही का पडत?' तलावाचा परिणाम आहे, पण तो काठापुरता. ऑक्टोबर संपत आला, रात्री थंड झाल्या, की भिगवण-पळसदेवच्या बाजूला पहाटे धुकं उतरतं. काठावरच्या गावात दुपारचं तापमान किंचित कमी राहतं, हवेत ओलावा जास्त असतो. पण पाऊस पडायला काठालगतचा ओलावा पुरत नाही, बऱ्याच उंचीपर्यंत बाष्प भरलेलं लागतं आणि हवा वर उचलणारी यंत्रणा लागते. ती समुद्राची ताकद आहे. उजनी पावसावर जगते, पाऊस उजनीवर जगत नाही. शहराजवळच्या हिप्परगा तलावाचंही तेच. १८७१ मध्ये बांधून झालेला हा तलाव आदिला नदीवर आहे आणि तो भरतो तो स्थानिक सप्टेंबरी पावसानं. घाटातल्या पावसाचं पाणी नदीवाटे तिथे येत नाही. म्हणून उजनी शंभर टक्के आणि हिप्परगा निम्मा, असंही होतं, आणि ऑक्टोबरच्या एका रात्रीत उलटही होतं.

अंदाजाची भाषा जरा नीट वाचायला शिकलं पाहिजे. हवामान विभागाच्या विभागणीत सोलापूर 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतं. त्याच उपविभागात नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार. म्हणजे महाबळेश्वर आणि मंगळवेढा एकाच टोपलीत. 'मध्य महाराष्ट्रात सरासरीच्या ११० टक्के पाऊस' ही बातमी खरी असूनही आपल्या जिल्ह्यात तूट असू शकते. आपला सप्टेंबरचा पाऊस स्वभावानं शेजारच्या मराठवाड्यासारखा असतो, म्हणून त्या उपविभागाचा अंदाजही बरोबरीनं वाचावा. बार्शी, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या लोकांनी तर नक्कीच.

मग 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' हे शब्द. वाचताना ते सारखेच वाटतात, पण प्रत्येकाला माप आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे पाव ते निम्म्या, बऱ्याच ठिकाणी म्हणजे निम्म्या ते पाऊण, बहुतांश म्हणजे त्याहून जास्त. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असं लिहिलेलं असताना आपल्या गावात ऊन पडलं तर अंदाज चुकला नाही. चारपैकी निदान तीन गावांत मुसळधार पडणार नाही, हेच त्यानं सांगितलं होतं. पेरणीचा निर्णय 'तुरळक'वर घेऊ नये, 'बऱ्याच ठिकाणी'वर घ्यावा, असं माझं मत आहे. मात्र ताडपत्री 'तुरळक'वरही काढून ठेवावी.

'मुसळधार' हाही मोजलेला शब्द आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलं की मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. दिवस मोजतात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस नोंदीत बुधवारच्या नावावर दिसतो. ढगफुटी म्हणजे तासाभरात शंभर मिलिमीटर. पेपरवाले दर आठवड्याला 'ढगफुटीसदृश' छापतात, त्यानं या शब्दाची धार गेली आणि खरा इशारा आला की लोक त्याकडेही दुर्लक्ष करतात. हे वाईट आहे.

लांबच्या मुदतीचे अंदाज वेगळ्या जातीचे. ऑगस्टच्या शेवटी सप्टेंबरचा अंदाज येतो, त्यात 'सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता' असं देशासाठी सांगतात आणि नकाशावर भागांनुसार रंग असतात. हा रंग म्हणजे पाऊस नव्हे, शक्यता. प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान आणि हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम टोकांतला फरक यांवरून तो काढतात. २०१९ मध्ये हिंदी महासागरातला हा फरक खूप अनुकूल होता. मान्सून परतायला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, इतका उशीर आजवरच्या नोंदीत नव्हता. असा महिन्याचा अंदाज बियाणं कुठलं आणायचं, चाऱ्याची सोय किती करायची यासाठी वापरावा. रविवारी पेरायचं की बुधवारी, यासाठी तो नाही. त्यासाठी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आहे आणि मंगळवारी-शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला आहे. दर आठवड्याला पुढच्या चार आठवड्यांचाही अंदाज येतो. त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे, पुढचे दोन फक्त कल समजण्यापुरते.

आणि हे सगळं वाचायचं कशासाठी, तर इथल्या शेतीत एकच पाऊस एकाला वरदान आणि शेजाऱ्याला घाव असतो.

ज्वारीवाला हस्ताची वाट बघतो. आपली भारी काळी जमीन ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर वाढते. पुढे चार महिने पाऊस नाही पडला तरी ती कणीस देते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी याच जमिनीसाठी निवडलेली. पेरणीची शिफारस साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. इथे झोडपणारा पाऊस नको, मुरणारा हवा. तासाभरात ऐंशी मिलिमीटर पडलं तर निम्मं ओढ्याला जातं आणि जमीन आवळून बसते. तेच चार दिवसांत पडलं तर ओल खोलवर जाते. म्हणून पावसानंतर लगेच पेरण्याची घाई करू नये, वाफसा, म्हणजे औत चालेल इतपत सुकलेली ओल, येऊ द्यावा, पण अंदाजात आठ-दहा दिवसांची उघडीप दिसत असेल तर वाफसा आल्यावर एक दिवसही घालवू नये. सप्टेंबरअखेरचं ऊन वरची ओल फार लवकर ओढून घेतं.

उडीद आणि सोयाबीनवाल्याला हाच पाऊस नको असतो. बार्शी भागात उडीद ऐन सप्टेंबरमध्ये काढणीला येतो, सोयाबीन त्यामागोमाग. काढून टाकलेल्या शेंगा सलग दोन दिवस भिजल्या की कोंब फुटतात आणि बाजारात भाव पडतो. त्यानं पाच दिवसांचा अंदाज बघून तेवढंच काढावं जेवढं दोन दिवसांत मळून आत नेता येईल.

डाळिंबवाल्याचं दुखणं आणखी वेगळं. हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला फुलोरा, धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं. नेमका तेव्हाच पाऊस लागला की ताण मोडतो, पानगळ नीट होत नाही, फुलं पुढे-मागे निघतात. त्यात ढगाळ, दमट हवा आणि पावसाचे सपकारे म्हणजे तेल्या रोगाला आमंत्रण. द्राक्षवाल्यांची ऑक्टोबर छाटणीही याच कात्रीत सापडते. छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे नवे कोंब फुटताना, पाऊस आला तर डाउनी हा बुरशीचा रोग, फुलोऱ्यात आला तर कूज आणि गळ. सगळी बाग एकदम न छाटता टप्प्याटप्प्यानं छाटणं हा बागायतदारांनी अनुभवातून काढलेला मार्ग आहे, आणि हवामानाच्या शक्यतांशी वागण्याची यापेक्षा शहाणी रीत मला माहीत नाही.

मान्सून परतला हे कशावरून ठरतं? आपल्याकडे पाऊस थांबला म्हणजे तो गेला असं नाही. परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानात होते, तिची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर. तिथे सलग पाच दिवस पाऊस नसावा, खालच्या थरात हवा उलट्या दिशेनं फिरायला लागावी आणि बाष्प कमी व्हावं, हे तीन निकष. तिथून ती रेषा खाली सरकत साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याला ओलांडते. त्यामुळे 'मान्सूनच्या परतीला सुरुवात' ही बातमी सप्टेंबरमध्ये आली की सोलापूरकरानं हवालदिल होऊ नये. आपला निम्मा खेळ तेव्हा बाकी असतो.

ती रेषा गेली की वारा ईशान्येकडून यायला लागतो आणि ऑक्टोबर हीट सुरू होते. आभाळ निरभ्र, ऊन थेट, जमीन अजून ओली, वारा नाही. थर्मामीटर मे महिन्याच्या जवळपासही नसतं तरी जीव कासावीस होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. दुपारच्या पाळीत काम करणाऱ्यांनी, विशेषतः यंत्रमाग आणि विडीच्या धंद्यातल्या पत्र्याखाली बसणाऱ्या माणसांनी, हे दिवस हलके समजू नयेत. महिनाअखेर हवा कोरडी होते, रात्री उतरतात, आणि हा त्रास आपोआप संपतो. मात्र उपसागरात एखादं वादळ उठलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही एक-दोन दिवस आभाळ भरून येऊ शकतं.

पाटबंधारे खात्याच्या हिशेबात १५ ऑक्टोबर ही महत्त्वाची तारीख आहे. त्या दिवशी धरणात जेवढं पाणी असेल त्यावर रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांचं, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्यांचं, नियोजन होतं, कालवा सल्लागार समितीत त्यावर भांडणं होतात. तोवर उजनी भरलेली असणं हे घाटातल्या जुलै-ऑगस्टचं देणं. पण ते पाणी मार्च-एप्रिलपर्यंत पुरणार की नाही, हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या रानावर काय पडलं त्यावर ठरतं. उत्तरा-हस्तात रानं नीट भिजली तर रब्बीच्या पहिल्या आवर्तनाची मागणी पुढे ढकलली जाते, विहिरी आणि बोअर दिवाळीनंतरही चालतात. रानं कोरडी राहिली तर ऑक्टोबर संपायच्या आत 'पाणी सोडा' म्हणून मोर्चा निघतो आणि शंभर टक्के भरलेलं धरण फेब्रुवारीतच निम्म्यावर येतं. गेल्या काही वर्षांचे १५ ऑक्टोबरचे साठे आणि त्याच वर्षांचे तालुकावार सप्टेंबरचे पाऊस शेजारी-शेजारी मांडून आपल्या गावाच्या ग्रामसभेत ठेवले, तर ऊस किती लावायचा यावर बोलणं जास्त खरं होईल.